समुद्रावर नेलेलं मशीन

“भागवू की मास्तर,” असं म्हणून दादा दाताने दोरा तोडत. दोरा तुटला की बोलणं संपलं. मग तुम्ही कितीही सांगा, सदऱ्याची लांबी त्यांच्या मनासारखीच व्हायची.

मुरबाडच्या बाजारपेठेत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. मी शाळेत मास्तर होतो आणि दुकानासमोरच्या माडीवर बायकोसह भाड्याने राहत होतो. मी त्यांना दादा म्हणत असे. त्यांच्याकडे कातरणसुद्धा वाया जात नसे. विरलेली कॉलर उलटून ते परत बसवत, आणि माझ्या कोटाच्या खिशाला आतून कोणाच्या तरी जुन्या लुगड्याचं अस्तर होतं. गाव त्यांना चिक्कू म्हणून हसे. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं तेव्हा तेच गाव जुने कपडे घेऊन त्यांच्या दारात उभं राहू लागलं. मग काय, दादांचा चिक्कूपणा आणखी पक्का झाला.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, आतल्या अंगाला बसून काजं-बटणं करायच्या. वर्षानुवर्षं मान खाली घालून काजं केली आणि नजर मंदावत गेली. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही नजर जाणार, उपाय नाही. येताना वाटेत वहिनी एवढंच म्हणाल्या, “दिसतंय तवर एकदा समिंदर बगीन म्हंते.” हे मला दादांनीच सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडात दोरा नव्हता.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? बायकोला घेऊन जावं आणि समुद्र दाखवून आणावा. दादा पावसाळाभर ‘भागवायचं कसं’ याच विचारात होते. डहाणूला वाडी असलेला एक गवताचा व्यापारी मुरबाडला येत असे. त्याच्याशी त्यांनी ठरवलं, वाडीतली खोली फुकट आणि बदल्यात त्याच्या घरचे कपडे शिवून द्यायचे. माझाही पगार बेताचाच. खोलीत आमचीही सोय होत होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघालो. दिवाळीचे कपडे शिवून झाले होते, शेतांत भातकापणी सुरू झाली होती आणि दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं.

मोटारीपाशी येऊन पाहतो तर दादांच्या डोक्यावर गोधडीत बांधलेलं हातमशीन. त्याचं लाकडी झाकण त्यांनी माझ्या हातात दिलं. ते कल्याणपर्यंत आणि पुढे गाडीत डहाणूपर्यंत मीच मांडीवर वागवलं. वहिनींच्या पिशवीत तांदूळ, वाल आणि सुके बोंबील होते.

“अहो दादा, समुद्रावर चाललोय. तिथे ताजे मिळतील की.”

“मिळतील. पर हे घरात हायती ना.”

वाडी नारळांची होती. तिच्यामागे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. एक पान चघळून होईतो पोचाल, इतकंच अंतर. खोलीत त्याची गाज सतत ऐकू येई.

पहिल्याच सकाळी व्यापाऱ्याच्या बायकोने कपड्यांचं गाठोडं आणून टाकलं. ते निम्मं होतंय तोवर शेजारीण जुने परकर घेऊन आली. तिच्यामागून तिची जाऊ आली. कोणी नारळ देई, कोणी भाजी देई, आणि तेवढाच खर्च वाचतो म्हणून दादा कोणालाच नाही म्हणेनात. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून नवरा मशीन फिरवतोय आणि बायको काजं करतेय. मुरबाडात चालायचं तेच डहाणूत चाललं होतं.

“उद्या जाऊ,” दादा म्हणत. “समिंदर काय पळून चाललाय?”

समुद्र पळत नव्हता, वहिनींची नजर पळत होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी दोरा तोडला.

आम्ही दोघं रोज संध्याकाळी समुद्रावर जायचो, पण त्यात सुख कसलं? माझी बायको शिंपल्या वेचून वहिनींना आणून द्यायची. त्या शिंपली अगदी डोळ्यांशी नेऊन बघायच्या आणि पुन्हा सुई उचलायच्या. ते पाहिलं की जेवणावरून माझं मन उडायचं. एकमेकांशी धड न बोलता आमची ती सुट्टी सरली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी होती आणि व्यापाऱ्याचे सदरे अजून काजांवाचून पडले होते. कबूल केलेलं काम टाकून दादा उठणार नाहीत, हे मला दिसतच होतं. माझा तोल गेला.

“शिवायला मुरबाड काय वाईट होतं, दादा? वहिनींना इतक्या लांब आणलंत तरी कशाला?”

त्यांनी मशीन थांबवलं. मग वहिनींच्या हातातली सुई काढून घेतली.

“तू जा गो मास्तरीणबाईंसंगं. काजं मी करतो.”

काज म्हणजे बायकांचं काम, असं म्हणत त्यांनी जन्म काढला होता. वहिनी बघतच राहिल्या.

“आन् तुमी?”

“दोगांनी कशाला? एकानं बगितला की भागलं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण वेळ नव्हता. आम्ही तिघं निघालो.

समुद्राला भरती होती. वहिनी घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. लुगडं भिजलं तरी त्यांनी ते सावरलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, “मास्तर, तुमाला तेचा पलीकडचा काठ दिसतो काय?”

“नाही हो वहिनी. तो कोणालाच दिसत नाही.”

“मंग बरं हाय. मला वाटलं, माजंच डोळं गेलं.”

परत आलो तेव्हा दादा शेवटचं काज करत होते. सगळी काजं वाकडीतिकडी आणि बोटं टोचून लाल झालेली. गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे वहिनींची नजर गेली. तिन्हीसांजेला दुकानातलं मशीन थांबे आणि दादांचा आवाज माडीवर ऐकू येई, “सांग गो, कसा हाय समिंदर?” वहिनी सांगू लागत. माझा राग तेव्हाही उतरला नव्हता. पुढे शहापूरच्या शाळेत माझी बदली झाली.

दादा गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या आणि वहिनी ओटीवर एकट्या बसल्या होत्या. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. बोलता बोलता मी विचारलं, “दादांनी नंतर कधी समुद्र पाहिला का?”

“नाय. माज्याकडूनच ऐकायचे.” मग त्या म्हणाल्या, “पर मास्तर, मला तरी तवा कुठं नीट दिसला? समदं धुकटच होतं. निम्मं मी मनाचंच सांगायची.”

“त्यांना कळलं नाही कधी?”

“कळायचं की. बोलायचे, सांग गो तू. तेवढ्यावर भागतंय.”