गोटे नसलेली जागा

टीव्हीवर तुलना चालली होती: कोणत्या युद्धात किती माणसं मेली, कोणत्या साथीत किती. रंगीत पट्ट्या वाढत होत्या. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि मी आलापल्लीपलीकडच्या जंगलात पोचले.

लहानपणी मी जंगलालगतच्या गावातल्या सोमीबाईंसोबत तिथं मोहफुलं वेचायला जायची. वाटेत त्यांच्या गावानं मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते, माणसामागे एक. त्या दिवशी ते मोजता मोजता मी पलीकडच्या मोकळ्या गवतात शिरले.

"तिथी नको जाऊ, पोरी!" सोमीबाई ओरडल्या.

"काऊन, बाई? इथी तं एकही गोटा नाई."

त्या गवताच्या काठावरच थांबल्या. आवाज एकदम खाली आला. "तिथी धा-बारा घरांचा टोला होता. पटकी आली अन् घरंच्या घरं गेली. गोटे गाडाले कोणी उरलंच नाई."

गवत मऊ होतं, दवानं ओलं. मला पाय उचलवेना, आणि टेकवून ठेववेनाही.

आता पडद्यावर सगळे सगळ्यात लांब पट्टीकडे बोट दाखवताहेत. माझी नजर मात्र सगळ्यात आखूड पट्टीवर आहे आणि तळपाय गार पडलेत. तिथं मोजायला कोण उरलं होतं?