नावाचा सुभेदार

जोतिबा शेडगे फौजेतनं रिटायर झाला तो नाईक म्हणून, पण संशय मात्र जनरलच्या हुद्द्याचा. दूधवाला हसला की दुधात पाणी, जावई हसला की काहीतरी मागायला आलाय! पोलंडहून पोराचा फोन आला की 'जय हिंद, सुभेदारसायेब!' म्हणून तो घ्यायचा. पण त्या दिवशी पोरगं म्हणालं, "आबा, मी फौजेत कधीच नव्हतो, असं तुमी लिहून द्या," तेव्हा जोतिबानं फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. हल्ली आवाजसुद्धा नकली काढतात म्हणे.

"आपल्या पयल्या म्हशीचं नाव सांग."

"चंद्री. आबा, चेष्टा न्हाई ही. लय अडचण झालीया."

पोरगं खरं निघालं. आता भानगड ऐका. पोराचं नाव सुभेदार. हो, नावच! कोरेगावच्या बाजूचं हे गाव फौजींचं, घरटी एक तरी वर्दी. तिथं पोरांची नावं सुभेदार, हवालदार, मेजर अशी बिनदिक्कत ठेवतात. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून हेच नाव सांगितलं. पुढं भरतीत पोराची छाती काही फुगेना. दोनदा परत पाठवलं, मग त्यानं वेल्डिंग शिकून पोलंड गाठलं. आता तिथं राहायचा परवाना नवा करायचा होता. अर्जात 'सैन्यात होता का?' याच्यापुढं पोरानं 'नाही' लिहिलेलं. तिथल्या साहेबानं नाव शोधून बघितलं तर निघाला फौजेतला हुद्दा! वर फेसबुकावर फोटो सापडला, सुभेदार वर्दीत, खांद्यावर दोन स्टार. काय लपवतोस, म्हणाला साहेब. खुलासा पटला नाही तर परवाना नाही, गाशा गुंडाळायचा आणि गावी यायचं.

जोतिबाच्या मनात पाल चुकचुकली. असला फोटो टाकला कुणी? भावकी! दुसरं कोण? चुलत भाऊ लालासाहेबाचा पोरगा खराखुरा लान्सनाईक झाला, तेव्हापासून लालाच्या मिशीला भलताच पीळ आला होता. जोतिबानं त्याला स्टँडवरच्या चहाच्या टपरीत गाठलं.

"लाला, माझ्या पोराचं वाटुळं करून तुला काय घावणार हाय?"

"आवं दादा, कसलं वाटुळं?"

फोटोचं ऐकल्यावर लालासाहेबानं मोबाईल काढला. "ह्योच न्हवं? आवं, ह्यो तर तुमचाच फ्लेक्स! पोराच्या वाढदिवसाला तुमीच लावला हुता की हितं. अर्जुनाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून वर्दीवर पोराचं तोंड चिकटवून घेतलं कुणी? गावातल्या पोरांनी त्याचाच फोटू काढून फेसबुकावर टाकलाय."

टपरीतली माणसं तोंड फिरवून हसली. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरगं तिकडं ठिणग्या अंगावर घेतंय आणि बापानं इकडं त्याला फ्लेक्सवर बढती दिलेली. जोतिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भावकीत माफी मागायची रीत नाही, तो चहा तसाच टाकून उठला.

साताऱ्यात कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलाशी तो ताठ बसला. टायपिंग करणाऱ्या संयोगिताबाईंनी मजकूर वाचून दाखवला. 'माझा मुलगा भारतीय सैन्यात कधीही नव्हता.'

"बरोबर आहे ना, काका?"

जोतिबानं मान हलवली. हे वाक्य त्यानं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'बघू पुढच्या भरतीला' म्हणायचा, पोरगं पोलंडात असतानासुद्धा.

"आणि सुभेदार हे नाव का ठेवलं? तिकडच्या साहेबांनी तेही विचारलंय."

आजोबांचं नाव होतं म्हणून ठोकून द्यावं, असं त्याला वाटलं. ही बाई गावात कुणाला सांगेल काय, हा संशयही आलाच. पण गाशा गुंडाळणारं पोरगं डोळ्यांपुढं आलं.

"लिवा," तो म्हणाला. "मला सुभेदार व्हायचं हुतं. न्हाई झालो. म्हणून पोराला केलं."

बाईंनी तसंच टाइप केलं.

परवाना मिळाला. पोराचा फोन आला तेव्हा जोतिबा 'जय हिंद' म्हणाला नाही, नुसतं "हां" म्हणाला.

"आबा, तुमचा कागद मी वाचला. मला वाटायचं, भरतीत पडलो म्हणून तुमी माझ्यावर नाराज हायसा."

जोतिबानं फोन कानाशी घट्ट धरला.

"तुज्यावर न्हाई रं बाळा," तो म्हणाला. "माझ्यावरच."