नरक्याच्या झाडाला नारळ

"त्ये झाड मला एकदा दाखव. मग सांगतो पुढचं घ्यायचं का न्हाय," अक्का म्हणाली आणि आमचं जाणं ठरलं. याला सहल म्हणावं की नाही, हे लिहायला बसेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. अजूनही नीट ठरलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जयसिंगपूरला असते. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, बरी झाली असं वाटेपर्यंत आजार परत दिसला आणि केमो सुरू झाली. सलाइनमधून जी औषधं दिली जातात त्यांतलं एक इरिनोटेकॅन. तीन वेळा घेतल्यावर तिचे केस गेले, जुलाबांनी ती अर्धी झाली आणि चौथ्या वेळेआधी तिने डॉक्टरांना विचार करून सांगते असं कळवलं. डॉक्टर रागावले नाहीत. सोमवारपर्यंत सांगा, म्हणाले.

मी दूध डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो. दुधातलं फॅट आणि भेसळ तपासणं हा माझा धंदा, पण घरात केमिस्ट्री शिकलेला मी एकटाच, त्यामुळे औषधांचे प्रश्न माझ्याकडे येतात. मी वाचलं आणि अक्काला सांगितलं. हे औषध ज्या मूळ रेणूपासून करतात तो कॅम्पटोथेसिन पहिल्यांदा एका चिनी झाडाच्या सालीत आणि लाकडात सापडला. तिकडे त्या झाडाच्या नावाचा अर्थ 'आनंदाचं झाड' असा होतो. आणि तोच रेणू आपल्या घाटातल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर आहे. मला वाटलं होतं की गोष्ट ऐकून तिचा वेळ जाईल. दुसऱ्याच दिवशी तिने झाड बघायचं काढलं.

शनिवारी सकाळी अक्का आणि दाजी त्यांची गाडी घेऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी आले. डॉक्टरांना विचारलं होतं. रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत, गर्दीत नेऊ नका, बाहेरचं कच्चं काही देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. कुणाला आजारी माणूस घेऊन असं निघायचं असेल तर सामान असं: मास्क, उकळलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं, जुलाबाच्या गोळ्या, आणि स्वतःचा भात शिजवून घेतलेला डबा. आणि रस्त्यात संडास कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. देखाव्याआधी ते.

कोल्हापूर ते गारगोटी रस्ता चांगला आहे. इस्पुर्लीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडावं लागलं, कारण हंगाम सुरू झाला होता. वाटेत नाश्त्याला थांबलो. दाजींना मिसळ आवडते, पण त्या दिवशी ते अक्काबरोबर दहीभात खात होते आणि तोंड असं करत होते की जणू त्यांनाच केमो चालू आहे. "अवो, खावा की मिसळ. माझ्यापायी उपास कशाला," अक्का म्हणाली. त्यांनी खाल्ली नाही.

मुदाळ तिट्ट्याला चहाला थांबलो. अक्का हॉटेलच्या मागे गेली (संडास स्वच्छ होता, कुणी जाणार असाल तर लक्षात ठेवा), आणि मी पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली. तिथे रिकाम्या पोत्याखाली कोयता होता. नवी धार लावलेला.

मी दाजींकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"असू दे, पावणं. झाडच औषध हाय म्हटल्यावर दवाखान्यात कशाला जाळून घ्यायचं तिनं? साल न्हेऊ, काढा करू."

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण हे वाचून आणखी कुणाच्या डोक्यात तेच येईल. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काढ्यात किती उतरेल, कुणी सांगू शकत नाही. आणि जो उतरेल तो विषारी असेल. फार पूर्वी हा रेणू फारसा बदल न करता रोग्यांना देऊन बघितला होता. लघवीतून रक्त जायला लागलं, माणसांचे हाल हाल झाले आणि ते थांबवावं लागलं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याला पाण्यात विरघळणारी एक शेपटी जोडली, जी शरीरात गेल्यावर तुटते. ती जोडलेली वस्तू म्हणजे इरिनोटेकॅन. झाडात हे औषध नाही, औषधाचा कच्चा माल आहे.

दाजी म्हणाले, "बरं." पण कोयता डिकीतच राहिला, आणि मी अक्काला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हा प्रश्न गारगोटीपर्यंत माझ्याबरोबर बसून होता.

गारगोटीच्या पुढे कडगावकडून रस्ता अरुंद होतो आणि झाडी वाढत जाते. आम्ही कुठल्या गावात राहिलो ते लिहीत नाही. या ब्लॉगवर मी नेहमी नकाशा देतो, या वेळी नाही. कारण पुढे कळेल.

एका घरात दोन खोल्या पाहुण्यांना देतात. माणशी आठशे रुपये, दोन वेळचं जेवण धरून. घर चालवणाऱ्या मावशी साठीच्या, कणखर. चहा देताना त्या खुशीत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, की इकडे नरक्याचं झाड कुठे बघायला मिळेल? मावशींनी कप उचलले.

"तसलं झाड न्हाय इकडं."

मी म्हणालो, फक्त बघायचंय. त्या दारात थांबल्या.

"बघाय कोण येत न्हाय, पावणं. तोडून न्ह्याय येत्यात. मागं आलते, फोटो काढतो म्हणून. फुडच्या हप्त्यात रान मोकळं."

नंतर कळलं की घाटातला नरक्या गेली बरीच वर्षं असाच चोरून तोडला जातो. लाकूड पोत्यात भरून बाहेर जातं. गावकऱ्याला मजुरी मिळते आणि पकडला गेला तर केसही त्याच्यावरच पडते. आता सांगा, डिकीत पोतं आणि कोयता घेऊन आलेल्या माणसाने मावशींना कसं पटवायचं?

संध्याकाळी अक्का चुलीपाशी जाऊन बसली. मावशी नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या. उबेने अक्काने डोक्याचा रुमाल काढला. मावशींनी एकदा वर बघितलं, भाकरी उलटली आणि विचारलं, कधीपासनं? अक्काने सांगितलं. माहेर, सासर, पोरं, आजार, सगळं त्याच क्रमाने. औषधाचंही सांगितलं. मग मला हाक मारली.

"बाळू, हिला सांग ते दोरीचं. मला सांगितलंस तसं."

मी सांगितलं. पेशी वाढताना तिच्या आतली दुहेरी दोरी उलगडावी लागते. एका टोकाने उलगडली की पुढे पीळ घट्ट बसत जातो, चऱ्हाट सोडवताना बसतो तसा. तो पीळ मोकळा करायला पेशीत एक कामगार असतो. तो दोरीचा एक पदर कापतो, पीळ जाऊ देतो आणि पदर परत जोडतो. औषध नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन अडकतं. जोड बसत नाही आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या जास्त मरतात. केसांच्या मुळाच्या आणि आतड्याच्याही भराभर वाढतात.

"म्हंजे केस त्यानंच गेलं," मावशी म्हणाल्या.

"व्हय. चांगलंवाईट कळत न्हाय तेला," अक्का म्हणाली.

मावशींनी तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावली, ती फुगेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "सकाळी दावतो. आमच्याच बांधाला हाय एक."

रविवारी ऊन पडल्यावर निघालो. वाट सोपी होती, तरी अक्का दोनदा बसली. बांध मावशींच्या मालकीचा, म्हणून वनखात्याची परवानगी लागली नाही. जंगलात शिरायचं असेल तर ती घ्यावी लागते, आणि एकही पान तोडायचं नाही.

खरं सांगायचं तर झाड बघून माझी निराशा झाली. जेमतेम दोन पुरुष उंचीचं, करड्या सालीचं, साधं. चारचौघांत उभं असतं तर मी ओळखलं नसतं. बुंधा म्हणून नव्हताच. कधीतरी मुळापासून कापलेल्या खोडाला आजूबाजूने फुटलेले धुमारे, तेच आता मनगटाएवढे झालेले. मावशींनी गळलेलं एक पान चुरगाळून दिलं. घाण वास. नाव का पडलं ते कळलं.

अक्काने तो वास परत परत घेतला. मग खोडाच्या कापलेल्या जागेवरून हात फिरवत विचारलं, "एवढं इख पोटात घिऊन हेला कसं काय हुईत न्हाय?"

चिनी झाडावरचं तेवढं संशोधन मी वाचलं होतं. त्या झाडाच्या पेशीतला तो कामगार जरा वेगळा घडलेला असतो, त्याच्यावर हे विष चालत नाही. नरक्यातही तसंच असेल का, मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. "माझ्यातला कामगार वेगळा न्हाय," ती म्हणाली. "नाही," मी म्हणालो.

दाजी मागे उभे होते. हात मोकळे. तिने पिशवीतून खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ काढला तेव्हा आम्हाला कळलं की ती जयसिंगपूरहूनच ओटीची तयारी करून आली होती. खण धुमाऱ्यांच्या बेचक्यात ठेवला, तांदूळ मुळाशी घातले. नारळ हातात धरून ती वळली.

"अवो, डिकीतला कोयता आणा की. नारळ फोडाय पायजे."

दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. ते खाली गेले आणि कोयता घेऊन आले. पोतं आणलं नाही. धार लावलेल्या कोयत्याने एका घावात नारळ फुटला, पाणी मुळाशी गेलं. अक्काने खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांना दिला. मावशींनी खण उचलून परत अक्काच्या हातात ठेवला. खुणेचं काही दिसलं तर लोकांना झाड सापडतं, म्हणाल्या. तो खण अक्काने घरी आणला.

परतीच्या वाटेवर दाजींनी मिसळ खाल्ली. दोन प्लेट.

घरी आल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. अक्काच्या औषधातला कच्चा माल नरक्याचा आहे की त्या चिनी झाडाचा? माहितीपत्रकावर कंपनीचं नाव आहे, झाडाचं नाही. रेणू तोच, तेव्हा शरीराला फरक नाही. पण तिने ओटी भरली ती कदाचित भलत्याच झाडाची. मी तिला फोन करून हे सांगितलं. सांगायची गरज होती का, माहीत नाही. पण न सांगता मला झोप आली नसती.

ती हसली. "मग तुला सुट्टी कधी हाय चीनला जायला? तवर ह्येच्यावर भागवून घेतो."

मी विचारलं नाही, ती काय ठरवणार. तिनेही सांगितलं नाही.

सोमवारी दाजींचा फोन आला, दवाखान्यातून. मी डेअरीतून तिथे पोचलो तेव्हा सलाइन लावायची तयारी चालू होती. उशाला तोच खण, घडी घालून. सिस्टरने औषधाची बाटली काढली तशी अक्का म्हणाली, जरा इकडं द्या. तिने बाटली नाकाशी धरली.

"वास न्हाय की रे हेला."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. तो वास झाडाच्या दुसऱ्या रेणूंचा असणार, शुद्ध करताना ते सगळे मागे राहतात, असं काहीतरी मी बोलायला लागलो. अक्काने बाटली परत दिली, बाही वर केली आणि हात पुढे केला.