मोशीच्या उतारावर निखळलेली कॉटर

माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, चाकणच्या शाळेतून शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मी म्हणालो, "एस.टी.च्या नादी कशाला लागायचं? माझ्या सायकलवर डबलसीट जाऊ." पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होतो.

सकाळी सातला निघालो. मुलाखत अकराला, म्हणजे वेळ भरपूर. भोसरीपर्यंत रस्ता बरा, दोन्ही बाजूंना ज्वारी. भोसरीत चहा आणि गरम भजी घेतली. त्या रस्त्याने जाणाऱ्याने खायचं ते तिथेच खाऊन घ्यावं, कारण पुढे चाकणपर्यंत काही मिळेल याची खात्री नसे.

पुन्हा निघाल्यावर मागून कुसुम म्हणाली, "दादा, टक्‌टक् कसली वाजतेय?"

"जुनी सायकल. वाजायचीच."

तो आवाज मला महिनाभर ठाऊक होता. पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक. तो मधल्या आसावर एका लोखंडी पाचरेने जखडलेला असतो. तिला कॉटर म्हणतात. ती हातोडीने ठोकून बसवायची, नट नुसता राखणीला. मी मात्र ती ढिली झाली की नटच आवळायचो. दिवसभर लेथवर सुताइतकी चूक खपवून घ्यायचो नाही, आणि घरी पान्याचे दोन फेरे मारून मोकळा व्हायचो. तुम्ही लांब जाणार असाल तर निघण्याआधी क्रँक हाताने हलवून बघा. खुळखुळला तर निघू नका.

मोशीच्या उतारावर डावा क्रँक आसावर गर्रकन फिरला. कॉटरचे आटे झिजून सपाट झाले होते. नट आधीच गळला होता, आता कॉटरही गेली. पडलो नाही एवढंच.

सायकल ढकलत गावातल्या लोहाराकडे गेलो. म्हाताऱ्याने आसाच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"नवी कॉटर घालून भागायचं न्हाई राव. आस खाल्लाय. किती दिस असाच चालवला?"

"महिनाभर."

"मंग व्हय."

कुसुमने पिशवी खांद्याला लावली. "तू हे करून घे. मी पुढे होते." कांद्याची एक बैलगाडी चाकणला निघाली होती. गाडीवानाने तिला पोत्यांवर जागा दिली. मला वर मान करून बघवेना.

लोहाराने हातातलं काम संपवून मग एका जाड खिळ्याला कानस मारून कॉटर केली, खाचेत पत्र्याची पट्टी घातली आणि घणाचे चार ठोके दिले. यात साडेअकरा वाजले.

चाकणला पोचलो तेव्हा कुसुम शाळेबाहेर चिंचेखाली बसली होती.

"जागा भरली," ती म्हणाली. "गाडी पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. हेडमास्तरांनी दुसऱ्या बाईंना शब्द दिला होता."

बरोबरची भाकरी आणि ठेचा आम्ही तिथेच खाल्ला.

घरी आईने विचारलं. कुसुम म्हणाली, "रस्ता लांब होता. उशीर झाला."

"रस्ता नाही," मी म्हणालो. "सायकल बिघडलेली मला माहीत होतं. तरी हिला बसवून नेलं."

कुसुमने मला साबण दिला. "हात धू. काळे झालेत."

त्या वर्षी तिला कुठेच जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी तळेगावच्या शाळेत मिळाली. ती रोज आगगाडीने जायची आणि स्टेशनपर्यंत दीड मैल चालत जायची. माझी सायकल तिने कधी मागितली नाही. मीही कधी, घेऊन जा, म्हणालो नाही.