नंबर आणि पिल्लू एका फोटोत

बावीस वर्षं मी मरोळच्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात गाड्यांचे क्लेम तपासतेय. गाडी कुठे ठोकली, किती ठोकली, खरंच ठोकली की शेजाऱ्याची चेपलेली गाडी स्वतःची म्हणून दाखवली, हे सगळं मी खुर्चीत बसून फोटोवरून सांगते. आमच्या कामातला पहिला धडा एकच. गाडीचा नंबर आणि ठोकर एकाच फोटोत दिसली पाहिजे. नंबर एका फोटोत आणि चेपलेला दरवाजा दुसऱ्या फोटोत असेल तर क्लेम परत. माणूस फोनवर रडो, ओरडो, आईची शपथ घेवो, परत म्हणजे परत. घरी पण मी अशीच. मुलगा म्हणतो, आईला वाढदिवसाच्या केकचं पण बिल लागतं. लागतं, त्यात काय चुकलं?

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते ह्या एका सवयीमुळे झालं. उगाच समुद्राला दोष द्यायला नको.

दहिसरला आमच्या मजल्यावर समोरच्या दारात सिस्टर राहते. चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर झाली, पण अख्खी बिल्डिंग तिला सिस्टरच म्हणते, मीसुद्धा. मूळची वाशिमकडची. एवढी वर्षं मुंबईत काढली, पण पाण्याला अजून बिचकते. माझं माहेर मालवणकडचं. लहानपणी आमच्याकडे डॉल्फिन बघायला कोणी जात नसे. डॉल्फिन जाळी फाडायचे आणि पुरुषमाणसं त्यांना शिव्या घालायची, एवढंच मला माहीत. तर ह्या सिस्टरला टीव्हीवर बघून डॉल्फिनचं वेड लागलं. जानेवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, चल ना गं, गोराईहून बोट नेतात म्हणे. बिल्डिंगमधल्या आणखी चार जणी तयार झाल्या, आणि आम्ही डबे घेऊन निघालो.

बोटवाला पस्तिशीचा कोळी. आठवडाभर मासेमारी, रविवारी लोकांना डॉल्फिन दाखवायचा. त्याने चढतानाच सांगून टाकलं की गादे दिसले तर दिसले, त्यांना आपण बोलावलेलं नाही. त्यांच्यात डॉल्फिनला गादा म्हणतात. दिसले की तो इंजिन बारीक करणार, जवळ जाणार नाही, आणि कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. मला माणूस एकदम पटला. नियमाने चालणारी माणसं मला पटतातच.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो गप्पा मारत होता. मागच्या वर्षी त्याच्या मोठ्या भावाच्या जाळ्यात एक कासव अडकलं. जाळं कापून त्याला सोडलं. कासव, डॉल्फिन अशा प्राण्याला वाचवायला जाळं कापलं तर सरकार भरपाई देतं, पण पुरावा लागतो. भावाने फोटो काढला तो कासव बोटीत घेतल्यावर. ऑफिसातला माणूस म्हणाला, हे जाळ्यात होतं कशावरून? झालं. कासवही गेलं, जाळंही गेलं, आणि ऐन हंगामात भावाची बोट दोन महिने किनाऱ्याला. हे ऐकून मी खुर्चीतल्यासारखी ताठ बसले. त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही क्लेम परत केला असता. पण तसं मी बोलले नाही. बोटवाल्याचा चेहरा बघून पहिल्यांदा मला माझ्या परत पाठवलेल्या कागदांची थोडी लाज वाटली.

गादे दिसले ते तासाभराने. आधी एक पाठ दिसली, राखाडी, मधोमध उंचवटा असलेली, मग फुस्स करून श्वास. सिस्टरने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पण ते गादे पुढे जाईनात. एकाच जागी फिरत होते, त्यातही एक मोठा, फिकट गुलाबी अंगाचा, घाण्याच्या बैलासारखा गोल गोल. आमच्यातली एक म्हणाली, बघ बघ, खेळतायत. बोटवाला उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून त्याने नीट बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

पाण्यावर पांढऱ्या बोयांची रांग होती. बोया म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे गोळे. प्रत्येकावर बोटीचा नंबर रंगवलेला. बोटवाल्याने नंबर वाचला आणि म्हणाला, दादूसचं जाळं आहे. म्हणजे त्याच मोठ्या भावाचं, गेल्या वर्षीच्या नुकसानीनंतर नवीन घेतलेलं. त्या जाळ्यात शेपटीजवळ गुंडाळलेलं एक पिल्लू होतं, फार तर दोन हात लांब, काळसर. गोल फिरणारी ती त्याची आई होती.

मला वाटायचं मासा म्हटला की पाण्यात सुखी. सिस्टरने सांगितलं की हा मासा नाही, ह्याला आपल्यासारखी फुफ्फुसं असतात, वर येऊन श्वास घ्यावा लागतो. पिल्लू जोर करून वर यायचं, नाकपुडी जेमतेम पाण्याबाहेर काढायचं आणि जाळ्याच्या ओझ्याने परत खाली जायचं. बोटवाल्याने इंजिन बंद केलं, बोट हळूच जाळ्याशी लावली आणि काठावर आडवा होऊन दोन्ही हातांनी जाळं वर उचललं. पिल्लाचं डोकं पाण्याबाहेर आलं. त्याने श्वास घेतला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बोटवाल्याने दातात सुरी धरली होती. आता कापायचं, एवढंच उरलं होतं.

आणि मी म्हणाले, "थांब. आधी फोटो."

माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो. बावीस वर्षं मी लोकांचे क्लेम परत केले. आज एकदा, फक्त एकदा, कोणाचा तरी क्लेम असा बनवून द्यायचा होता की कोणाचा बाप तो नाकारू शकणार नाही. ह्या घराचं दुसरंही जाळं फुकट जाऊ द्यायचं नव्हतं. बोटवाल्याने सुरी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. त्यालाही भावाचं कासव आठवलं असणार. तो थांबला.

मी फोन काढला. पिल्लू दिसत होतं, पण बोया दिसत नव्हता, कारण जाळं उचलल्यामुळे तो बोटीखाली गेला होता. लांबचा बोया घेतला तर पिल्लू चौकटीबाहेर. दोन वेगळे फोटो मी काढले, पण दोन फोटोंना काही अर्थ नसतो हे मुंबईत माझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून मी व्हिडिओ चालू केला आणि त्याला सांगितलं, जाळं थोडं खाली सोड, बोया वर येऊ दे. त्याने सोडलं. पिल्लू खाली गेलं. अजून थोडं, म्हटलं, नंबर उलटा आहे. त्याने एका हाताने बोया फिरवला. दुसऱ्या हातातलं जाळं आणखी खाली गेलं. आई आता बोटीच्या इतकी जवळ आली होती की तिच्या श्वासाचे शिंतोडे माझ्या फोनवर उडाले, आणि मी ते ओढणीने पुसले. काच स्वच्छ हवी ना.

सिस्टर माझ्या खांद्याजवळून म्हणाली, "अगं, ते श्वास घेत नाहीये."

"एक मिनिट," मी म्हणाले.

शेवटी मिळाला. नंबर, बोया, जाळं, पिल्लू, सगळं एकाच चौकटीत, उन्हात लख्ख. इतका सुंदर पुरावा माझ्या टेबलावर कधी आलेला नाही. मी म्हटलं, काप आता. त्याने सपासप कापलं. पिल्लू मोकळं झालं आणि पोहलंच नाही. एका कुशीवर कललं आणि तरंगत राहिलं.

सिस्टर, जी बोटीत बसल्यापासून काठ सोडत नव्हती, ती गुडघ्यावर बसून कमरेइतकी बाहेर वाकली, पिल्लाला दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या डोक्यावरच्या नाकपुडीशी गाल नेला, छातीवर तळवा ठेवला. चौतीस वर्षं जे केलं ते सगळं केलं. मग तिने हात काढून घेतले. आई लगेच खालून आली, पिल्लाला तोंडावर घेतलं आणि वर उचललं. ते घसरलं. तिने परत उचललं. परत घसरलं. मघाची ती बाई पुन्हा विचारायला लागली, खेळतेय का गं ती?

मला काहीतरी करायचं होतं. हातात फोन होता, फोनवर कोणालाही लावता आलं असतं, आणि लावून सांगायचं काय? बोटवाल्याने भावाला फोन लावला. तिकडून भाऊ काय म्हणाला ते ऐकू येत होतं. मेलेल्या गाद्याची भरपाई नाही मिळत, उलट जाळं आपलं म्हणून चौकशी आपल्यामागे लागेल, कापलंस कशाला मग? बोटवाला नुसता "हो दादूस, हो दादूस" करत राहिला. फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, फोटो पुसून टाका. तुम्ही आमच्यासाठीच केलंत, मला कळतंय."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच्यासमोर एकेक फोटो पुसला. व्हिडिओ राहिला. राहिला म्हणजे, मी राहू दिला. आम्ही परत निघालो तेव्हा ती अजून उचलत होती, आणि बाकीचे गादे तिच्यापासून थोडे लांब, तिथेच थांबले होते. जाळ्याचा कापलेला भाग बोटवाल्याने गोळा करून आमच्या पायाशी ठेवला होता. डबे कोणी उघडले नाहीत.

घरी येईपर्यंत सिस्टर माझ्याशी बोलली नाही. रिक्षात नाही, लिफ्टमध्ये नाही. मी मनात तयारी करून ठेवली. ती बोलेल, चांगली खडसावेल, मी ऐकून घेईन, रडेन, आणि मग कदाचित थोडं हलकं वाटेल. संध्याकाळी चहाच्या वेळेला तिने बेल वाजवली. आत आली, बसली, चहा घेतला नाही. म्हणाली, तो व्हिडिओ पुसलास का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग लाव.

मी म्हटलं, नको गं, चूक माझी आहे, बघून काय होणार? ती म्हणाली, तुझं राहू दे, मला माझं बघायचंय. मी नर्स आहे, तू क्लेमवाली. मला दिसत होतं ते पिल्लू जातंय. मी ओरडले होते ना? तुझ्या हातातला फोन ओढला होता ना? मला नीट आठवत नाही, दुपारपासून आठवून बघतेय.

मी व्हिडिओ लावला. पावणेदोन मिनिटांचा. खाली सोड, अजून थोडं, नंबर उलटा आहे. सगळा माझाच आवाज, ऑफिसातला, गोड आणि पक्का. मध्ये एकदा, हळू, जणू वॉर्डात मोठ्या डॉक्टरांच्या मागे उभं राहून बोलावं तसं, तिचं ते वाक्य. त्यावर माझं एक मिनिट. मग लाटांचा आवाज, पुन्हा मी, आणि शेवटी काप आता.

तिने मागे नेऊन परत लावला. मग परत. मी म्हटलं, मी तुझं ऐकलं नसतंच, तुला माहितीये मी कशी आहे. हे खरं होतं, पण तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"एकदाच बोलले मी?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.