निळ्या चौकोनातला दंड

आदिलाबादला मॉल झाला तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, आपलं आता हैदराबाद झालं. मला तसं काही वाटलं नाही. माझं भांड्यांचं दुकान आहे. कठडे काचेचे, पण लघवीची जागा कुठे आहे ते विचारलं तर चार माणसं चार दिशा दाखवतात, अशा इमारतीबद्दल माझं मत चांगलं होत नाही. वर कपड्यांचा मोठा हॉल, कोपऱ्यात पॉपकॉर्न, आणि तळघरात पार्किंग. पार्किंगचा ठेका कुठल्याशा खासगी कंपनीने घेतला होता. भर चौकात म्हैस बसली तर जे गाव तिला वळसा घालून जातं, त्या गावाला गाडी कुठे उभी करायची ते शिकवायला ही मंडळी आली होती. गळ्यात शिट्टी, पायात बूट, डोक्यात काही नाही.

त्या तळघरातली एकच गोष्ट मला आवडली होती. लिफ्टच्या अगदी तोंडाशी निळ्या रंगाने आखलेले दोन चौकोन होते आणि त्यांत खुर्चीवर बसलेल्या माणसाचं पांढरं चित्र. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. कुबडीवर चालतो, आणि मागे दोन जादा चाकं बसवलेल्या स्कूटरवर फिरतो. त्या स्कूटरवर मी पार लांबच्या उटनूरपर्यंत एकटा जाऊन येतो. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे मी आजवर दूर कुठेतरी गाडी लावून लंगडत आत गेलेलो आहे. इथे कुणीतरी आपल्यासाठी जागा आखून ठेवली होती. पहिल्या दिवशी स्कूटर त्या चौकोनात लावली तेव्हा मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. माझ्या मायचा नवा चष्मा मॉलमधल्या दुकानात तयार होता. माय पंचाहत्तरीच्या पुढची, पण स्कूटरवर मागे बसते ती ताठ. मी निळ्या चौकोनात स्कूटर लावली, आम्ही वर गेलो, चष्मा घेतला. मायने तो तिथल्या तिथे घातला, आरशात पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "बाप्पा, आता सगळं दिसते. तुहा चेहराबी."

खाली आलो तर स्कूटरच्या पुढच्या चाकाला साखळी.

शेजारच्या निळ्या चौकोनात एक भली मोठी पांढरी गाडी उभी होती. तिच्या काचेवर कुठल्याशा संघटनेच्या अध्यक्षाची पाटी होती, आणि ती आली तेव्हा तिच्यातून दोन धडधाकट माणसं उतरून जिन्याने वर गेलेली मी स्वतः पाहिली होती. लिफ्टसुद्धा घेतली नव्हती त्यांनी. तिच्या चारही चाकांना काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

पार्किंगवाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइल पाहत होता. मी म्हटलं, "काऊन बा, साखळी कायले लावली?"

त्याने मान वर केली. माझी कुबडी पाहिली, माझा पाय पाहिला, आणि मग म्हणाला, "अन्ना, ते जागा अपंगाची हाय."

या माणसाला आई-बापांनी डोळे दिले होते आणि त्याने ते मोबाइलला देऊन टाकले होते.

"आन् मी कोन हाय?"

"तुमी असान. गाडीवर चित्र नाही. चित्र नाही त साखळी लावाची, असं सायेबानं सांगतलं."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चित्र होतं. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर ते खुर्चीचं चित्र मी स्वतः चिकटवलेलं आहे. पण दसऱ्याला आमच्या घरी गाडीची पूजा होते, आणि पूजा माय करते. हळद-कुंकू ओलं कालवून ती पत्र्यावर हातभर स्वस्तिक काढते, आणि दरवर्षी काढते ते नेमकं त्या चित्रावर. बाकी सगळा पत्रा मोकळा. पहिल्या वर्षी मी म्हटलं, माय, जरा बाजूला काढ. म्हणाली, "तिथंच शोभते." पूजेचं कुंकू आपण होऊन पुसायचं नसतं, उन्हापावसाने जाईल तेव्हा जाईल. म्हणून दसऱ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत माझ्या स्कूटरला खुर्ची नसते, स्वस्तिक असतं.

ते शोभतं म्हणून तिथे नसतं हे मला माहीत आहे. पन्नाशी उलटली माझी, पण मायच्या तोंडून अपंग हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "त्याचा पाय जरा हळू हाय." माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनाही तिने एवढंच सांगितलं होतं. माझा सरकारी दाखला तिने ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिलेला आहे. बसच्या सवलतीला लागतो म्हणून मागितला की काढून देते, आणि परत आल्यावर हात पुढे करते.

पार्किंगवाल्याला मी बोट ओलं करून कुंकवाची एक कड बाजूला सारून दाखवणार होतो, पण माय शेजारी उभी होती. मी म्हटलं, चल तुझ्या साहेबाकडे.

साहेब काचेच्या खोलीत बसायचे. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, एसी इतका की मायने पदर कानावरून घेतला. हे साहेब हैदराबादहून आले होते आणि ते कळावं म्हणून मराठी माणसाशी हिंदीत आणि हिंदी माणसाशी इंग्रजीत बोलत. मी कुंकवाचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, निदान तसा चेहरा केला, पार्किंगवाल्याने मोबाइलवर काढलेला स्कूटरचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "अंकल, रूल है. फोटो में साइन नहीं दिख रहा. जुर्माना लगेगा."

"साइन नाही, पाय दिसतो ना?" मी खाली बोट दाखवलं.

"आजकल स्टिक लेके कोई भी आ जाता है, अंकल."

म्हणजे लोक पार्किंगसाठी पाय वाळवून घेतात, असं या महाशयांचं म्हणणं होतं. मी त्यांना विचारलं, पांढऱ्या गाडीच्या काचेवर कुठलं चित्र आहे? ते म्हणाले, ती बाब वेगळी आहे, ते पाहुणे आहेत. कुणाचे, ते सांगितलं नाही. ज्याला साखळी सहज चढते त्याच्यावर कायदा चढतो, हे मला दुकानात बसून कधीच कळलेलं आहे, पण इतक्या थंड खोलीत इतक्या गोड आवाजात ते पहिल्यांदा ऐकलं.

मग दाखल्याची गोष्ट निघाली.

"सर्टिफिकेट लाओ, जुर्माना माफ."

"घरी आहे."

"तो घर से ले आओ."

"कशावर जाऊ?"

"गाडी पे."

"गाडीला साखळी आहे."

"जुर्माना भर दो, चेन निकल जाएगी."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पाहिली आहेत, पण हा गडी उंटही दुसऱ्याचा आणून बसला होता.

दंड काही फार नव्हता. एक मधला कुकर विकला की तेवढा सुटतो. तरी मी ठरवलं, भरायचा नाही. मला ऑटो करून घरी जाता आलं असतं, दाखला आणता आला असता. पण मी का आणावा? त्यांच्या पावतीवर छापलेलं होतं, अपंगांच्या जागेचा गैरवापर. ते भरणं म्हणजे अपंगाची जागा लाटली असं मी स्वतःच्या सहीने कबूल करणं. या पायापायी आयुष्यात मी किती ठिकाणी मागे राहिलो ते मला माहीत आहे, आणि आता हा कोरीव दाढीवाला मला सांगणार की तो पाय खोटा आहे! मी खुर्ची ओढली, बसलो, कुबडी त्यांच्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हटलं, बसतो मी. रात्री तुम्ही कुलूप लावाल तेव्हा मलाही आत ठेवा.

बाहेर काचेपाशी माणसं जमू लागली. साहेबांना ते आवडेना. त्यांनी कुठेतरी फोन लावला, हूं-हूं केलं, आणि मग मोठ्या मनाने तोडगा काढला. घरच्या माणसाची जबानी चालेल. सोबत आहे त्या नातेवाइकाने दोन माणसांदेखत सांगायचं, साहेब लिहून घेणार, साखळी निघणार, दंड नाही.

मला हसू आलं. इतकंच ना? मी जिंकलो होतो. मी त्या पोरगेल्या साहेबाकडे पाहिलं ते हिशोबात चुकलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं.

साहेब मायकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "अम्मा, आपका बेटा अपंग है ना? बस हाँ बोलो."

मायने चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. टेबलावर आडव्या पडलेल्या कुबडीकडे पाहिलं.

"कोन म्हनते?" माय म्हणाली.

साहेबांनी पुन्हा विचारलं. पार्किंगवाल्याने मध्ये पडून मराठीत सांगितलं, "आजी, हो म्हना. पैसे वाचतात."

"काऊन हो म्हनू?" मायचा आवाज चढला. "माहा लेक तसला? तुमच्या तोंडाले हाड हाय का नाही? दोन पोरींचे लग्न केले त्यानं. बाप मेला तवापासून घर चालवून राह्यला. उटनूरले एकटा जाते, एकटा येते. तुमच्यासारखा खुर्चीत बसून साखळ्या नाही लावत कोनाच्या गाडीले. त्याले काहीबी झालं नाही. पाय जरा हळू हाय त्याचा. बस."

काचेबाहेर कुणीतरी हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात उघडून माझ्याकडे पाहिलं. आता बोला, अंकल.

बोलता आलं असतं. माय, पैशाचा प्रश्न नाही, एकदा हो म्हण, आपण घरी जाऊ. तिने म्हटलंही असतं. माझ्यासाठी तिने आजवर काय केलं नाही? पाच वर्षांचा असताना मला पाठीवर घेऊन ती दवाखान्याच्या रांगांमध्ये उभी राहिली आहे. तिने हो म्हटलं असतं, या बूटवाल्यांसमोर, काचेला नाक लावून उभ्या रिकामटेकड्यांसमोर, आणि मग तो शब्द तिच्या तोंडून निघाला असता. नंतर ती घरी येऊन जेवली नसती. मला कुणी काय म्हणावं याची मला सवय आहे. तिला नाही.

मी खिशात हात घातला आणि दंड भरला. सहीसुद्धा केली. साहेबांनी पावती फाडताना असं तोंड केलं की जणू शेवटी खरं बाहेर आलंच. त्या तोंडाबद्दल मी आजही काही चांगलं बोलू शकत नाही.

पार्किंगवाल्याने साखळी काढली. पांढरी गाडी तिथेच होती. माय मागे बसली, पदर खोचला, आणि आम्ही उतार चढून बाहेर उन्हात आलो.

चौकात ती पुढे वाकली. मग म्हणाली, "मी त त्याइले बरोबर सांगतलं. तरी पैसे काऊन देले तू?"

"ते जागा अपंगांची होती, माय."

"मंग आपून तिथं गाडी काऊन लावली?"

मी गिअर बदलला.

"चुकलंच माय," मी म्हटलं.

"लोकाइची जागा घेऊ नाही लेका," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.