दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगा
ग्रीसचा वास आला की मला मेव्हण्याचं हसणं आठवतं. पाली गावात त्याच्या घराच्या चढावर माझ्या एसयूव्हीचं पोट खडकावर टेकलं, तेव्हा त्याने ती ग्रीसने माखलेल्या ट्रॅक्टरने ओढली आणि जत्रेच्या पाहुण्यांसमोर खो-खो हसला, "दाजी, ही शेरातच फिरवा. हितं न्हाई चालायची." मी भोरच्या मिस्त्रीकडून दुसऱ्या, जड गाडीच्या जुन्या स्प्रिंगा बसवून घेतल्या; गाडी चार बोटं उंच झाली. पुढच्या जत्रेला त्याची नवी गाडी त्याच खडकावर अडकली. मी शेजारून माझी चढवली, काच खाली केली, त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं आणि ओढायला न थांबता जेवायला गेलो. त्या कडक स्प्रिंगांनी आता माझी कंबर पार गेलीय. "काढून टाका ना त्या," बायको म्हणते. काढतो, म्हणतो मी, तेवढी यंदाची जत्रा होऊ दे.